जुने लष्करी बिल्ले : संग्रहाची सुरुवात आणि वाचकांच्या शंका

जुन्या लष्करी बिल्ल्यांचा आणि पदकांचा संग्रह कसा सुरू करावा, याविषयी कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली आहेत. घरटी एक तरी माणूस सैन्यात, म्हणून शिरोळ तालुक्यातील टाकळीला ‘सैनिक टाकळी’ म्हणतात. अशा जिल्ह्यातून हे प्रश्न यावेत, हे स्वाभाविकच आहे. कित्येक घरांतील पत्र्याच्या ट्रंकांत आणि जुन्या पानाच्या डब्यांत या वस्तू अजूनही पडून आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. काही पत्रलेखकांच्या विनंतीवरून सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. लष्करी बिल्ले जमवण्याचे मनात आहे. परंतु पाहू लागलो की जगभरचे हजारो प्रकार समोर येतात आणि गोंधळ उडतो. खर्चाची ऐपत बेताची आहे. सुरुवात कोठून करावी आणि असे बिल्ले पाहायला कोठे जावे?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : खर्चाला मर्यादा आहे म्हणून मन खट्टू करू नका. हाताशी पैसा असला की माणूस आधी विकत घेतो आणि मग वाचतो. या छंदात क्रम नेमका उलटा हवा. जगातील सगळे बिल्ले हा कोणाच्याही संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. पहिला निर्णय क्षेत्र ठरवण्याचा आणि ते जितके लहान तितके बरे. आपण कोल्हापुरात राहता, मराठी वाचता आणि जुन्या सैनिकांच्या घरी जाऊन चार शब्द बोलू शकता. तेव्हा मराठा पलटणी आणि कोल्हापूर संस्थानचे सैन्य, हे क्षेत्र मी आपल्याला आग्रहाने सुचवीन. लंडनमधील धनिक संग्राहकाला जे मिळणार नाही, ते म्हणजे त्या वस्तूमागचा माणूस, आपल्याला एसटीच्या एका फेरीत भेटू शकतो.

या क्षेत्राचा सांगाडा आधी पाठ करावा, कारण पुढे प्रत्येक वस्तू त्यावरच टांगायची आहे. मराठा रेजिमेंट आपला आरंभ १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या पलटणीपासून मोजते. १९०३ च्या फेररचनेत मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे क्रमांक मिळाले. त्यांतील १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करल्यावर त्यांचे सैनिक तुर्कांचे कैदी झाले. १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री (हलके पायदळ) ही एकच रेजिमेंट झाली. कोल्हापूर संस्थानची स्वतःची पलटण म्हणजे राजाराम रायफल्स. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही पलटणही पुढे मराठा लाईट इन्फंट्रीत सामावली गेली. एवढ्या चार-पाच तारखा डोक्यात असल्या, तर खांद्यावरच्या एखाद्या पितळी अक्षरपट्टीवर ‘११०’ हा आकडा दिसताच ती १९०३ ते १९२२ या काळातील, आणि नुसता ‘५’ दिसला तर १९२२ नंतरची, हे विक्रेत्याने सांगण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता वस्तूंचे प्रकार. टोपीवर किंवा पगडीवर लावायचा तो कॅप बॅज. कॉलरवर लावायची ती जोडी, जिच्यातील दोन चिन्हे बहुधा एकमेकांकडे तोंड करून असतात. खांद्यावर लावायचे पलटणीचे नाव किंवा क्रमांक म्हणजे शोल्डर टायटल. शिवाय बटणे, कमरपट्ट्याची बकले, हुद्द्याची चिन्हे आणि दंडावर शिवायची कापडी फॉर्मेशन चिन्हे, म्हणजे डिव्हिजनसारख्या अनेक पलटणींच्या मोठ्या दलाची चिन्हे. नवशिक्याने कॅप बॅजच्या मागे धावू नये, कारण सर्वांत जास्त मागणी त्यालाच आणि सर्वांत जास्त नकलाही त्याच्याच. बटणांपासून सुरुवात करा. बटण स्वस्त असते, त्याची नक्कल करणे सहसा कोणाला परवडत नाही, आणि त्याच्या पाठीवर बनवणाऱ्याचे नाव असण्याची शक्यता असते. बर्मिंगहॅमचे गॉन्ट किंवा लंडनचे फर्मिन अशी नावे बारीक अक्षरांत गोलाकार कोरलेली दिसली की ती भिंगाखाली वाचून वहीत उतरवायची सवय लावा. खरे धातुकाम डोळ्यांत भरते ते अशा पंधरा-वीस बटणांतूनच.

कापडी चिन्हांकडे आपल्याकडचे संग्राहक दुर्लक्ष करतात, हे मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय डिव्हिजनांची चिन्हे अत्यंत बोलकी आहेत : चौथीचा लाल गरुड, पाचवीचा लाल गोळा, आठवीची तीन पाने, सतरावीचे काळे मांजर, एकोणिसावीचा खंजीर, तेविसावीचा झुंजणारा कोंबडा. पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये इटलीत लढली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव याच बटालियनचे. तीन पानांचे ते लहानसे कापड हाती आले की इटलीचा नकाशा उघडल्याशिवाय राहवत नाही, आणि संग्रह करायचा तो त्यासाठीच.

पाहायला कोठे जावे, हेही आपण विचारले आहे. न्यू पॅलेसमधील छत्रपती शहाजी संग्रहालय आणि टाऊन हॉलचे संग्रहालय आपल्या गावातच आहेत. तेथे बिल्ल्यांपेक्षा शस्त्रे आणि संस्थानकालीन वस्तूच जास्त दिसतील, पण त्या काळाची नजर तयार होते. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात रेजिमेंटचे संग्रहालय आहे. तो लष्करी परिसर असल्याने आधी लेखी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र सोबत न्यावे. खरेदीसाठी पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट आणि नाण्यांची प्रदर्शने ही ठिकाणे आहेत. कोल्हापुरात मात्र वस्तू दुकानात मांडलेली मिळणार नाही. भांड्यांची मोड घेणाऱ्यांना, भंगाराच्या व्यापाऱ्यांना आणि गुजरीतील एखाद्या जुन्या सराफाला आपली आवड सांगून ठेवा आणि अधूनमधून चक्कर मारा. पितळेच्या ढिगात आलेला बिल्ला भट्टीत जाण्याआधी वाचवता आला, तर ते काम विकत घेण्याहून मोठे आहे.

शेवटचा, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नोंदवहीचा. वस्तू ज्या दिवशी हाती येईल त्याच दिवशी ती कोणाकडून आली, कोणत्या गावची, देणाऱ्याने काय सांगितले, किती पैसे दिले, लांबी-रुंदी आणि वजन किती, हे लिहून दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. देणाऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत लिहावे आणि आपला तर्क वेगळ्या शाईने. “आमचे चुलते बसऱ्याला होते, त्यांच्या फेट्याला हा असायचा” हे वाक्य नोंदले गेले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ काही ग्रॅम पितळ उरते.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला सापडला. वर मुकुट, मध्ये बिगुल आणि खाली पट्टी आहे; पट्टीवरील अक्षरे झिजली आहेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, असे वडील सांगत. पुढच्या आणि मागच्या बाजूची छायाचित्रे जोडली आहेत. बिल्ला किती जुना असेल? तो मराठा पलटणीचाच का?
— एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : बिल्ल्याचे वय सांगणारी सर्वांत सोपी खूण त्याच्या माथ्यावर असते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी दोन्ही बाजूंना बाहेर झुकून मध्यभागी किंचित खाली येतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि कमानी घुमटासारख्या सलग गोल झाल्या; हा राजाचा मुकुट पुढे पाचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या काळातही चालू राहिला. स्वातंत्र्यानंतरही तो लगेच गेला नाही. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ब्रिटनमध्ये १९५३ च्या सुमारास मुकुट पुन्हा मध्यभागी दबलेला झाला, पण तोवर आपल्या सैन्यातून मुकुटच गेला होता. म्हणून भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर गोल मुकुट असेल तर तो १९०१ ते १९५० मधला, दबलेला असेल तर १९०१ पूर्वीचा, आणि सिंह असतील तर १९५० नंतरचा असे ढोबळमानाने धरावे. जुना साठा संपेपर्यंत जुनेच बिल्ले काही दिवस वापरले जात, एवढी सूट या हिशोबात ठेवावी. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील ताऱ्यांनाही हेच लागू आहे : ब्रिटिश काळातील तारा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या मानचिन्हाच्या घडणीचा, तर प्रजासत्ताकातील तारा पाच टोकांचा.

आपल्या छायाचित्रातील मुकुट स्पष्टपणे गोल कमानींचा आहे. मागे उभी, लांबट पट्टी डाग देऊन जोडलेली दिसते. तिला संग्राहक स्लायडर म्हणतात आणि ती टोपीच्या घडीत सरकवली जाई. याहून जुनी पद्धत म्हणजे मागे दोन कड्या आणि त्यांतून आडवी घातलेली पिन. तेव्हा आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातील सेवेशी हा बिल्ला जुळतो. जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हेही लक्षात असू द्या.

बिगुलाबद्दल मात्र सावध राहावे. बिगुल हे सर्वच लाईट इन्फंट्री पलटणींचे चिन्ह आहे, ब्रिटिश पलटणींचेही. रायफल पलटणींतही ते आढळते. निर्णय पट्टीवरील अक्षरेच देतील. अंधाऱ्या खोलीत बिल्ला सपाट ठेवा, टॉर्च अगदी आडवी, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि ती बिल्ल्याभोवती हळूहळू फिरवत छायाचित्रे काढा. समोरून न दिसणारी अक्षरे कडेच्या सावलीने वर येतात. अक्षरांवर पेन्सिल, खडू किंवा सुई फिरवू नये. ट्रंकेत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) किंवा पेन्शनचा कागद सापडल्यास त्यावरील सैनिक क्रमांक मिळवा, कारण लष्करी अभिलेखात माणूस नावाने नव्हे तर क्रमांकाने सापडतो. कागदावर ‘जमादार’ हा हुद्दा असेल तर तो आजच्या नायब सुभेदाराचा जुना हुद्दा समजावा. हा बदल १९६५ मध्ये झाला.

प्रश्न : एका प्रदर्शनात पहिल्या महायुद्धातील म्हणून मराठा पलटणीचे दोन बिल्ले बऱ्यापैकी पैसे देऊन घेतले. माझा मित्र ते पाहताच “ओतीव आहेत, म्हणजे नकली” असे म्हणाला. अस्सल आणि नकली यांतला फरक नवख्याने कसा ओळखावा?
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : मित्राचे निदान निम्मे बरोबर आहे. इंग्लंडमधील कारखान्यांत बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढला जाई. पत्रा पातळ असल्याने पुढे जे उंच, ते मागे खोल, अशी आकृती पाठीवर उलटी उमटते. मुकुटावरील मणी, दोरीचा पीळ, अक्षरांच्या कडा नखाला जाणवाव्यात इतक्या धारदार असतात. अशा खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल जाड आणि जड येते, बारीक रेषा बुजतात, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात, कडेला कानशीचे ओरखडे सापडतात आणि मूळ वस्तूपेक्षा ती आकाराने किंचित लहान भरते, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. शेजारी खात्रीचा बिल्ला ठेवून कॅलिपरने मोजल्यास हा फरक हाती लागतो.

तरीही “ओतीव म्हणजे नकली” हा नियम भारतीय बिल्ल्यांना सरसकट लावता येत नाही. विलायतेचा माल वेळेवर न आल्यास पलटणी छावणीच्या बाजारातील कारागिरांकडून बिल्ले आणि शोल्डर टायटल करून घेत आणि त्यांतील पुष्कळसे वाळूच्या साच्यात ओतलेलेच असत. ते ओबडधोबड असतील, अक्षरे वाकडी असतील, पण ते त्या काळचे आणि सैनिकाने खरोखर वापरलेले आहेत. मला स्वतःला अशी बाजारात घडलेली वस्तू कारखान्यातल्या वस्तूहून अधिक मोलाची वाटते. प्रश्न ओतकामाचा नसून वापराचा आणि वयाचा आहे.

वापर कसा ओळखावा? सैनिक बिल्ला रोज घासत असे. त्यामुळे मुकुटाचा माथा, बिगुलाचा फुगवटा असे उंच भाग गुळगुळीत होतात आणि खोलगट कोपऱ्यांत पॉलिशचा पांढरट-हिरवट लेप वर्षानुवर्षे साचून दगडासारखा होतो. पाठीवर, जिथे कापड घासे तिथे, वेगळीच मऊ झीज दिसते. मुद्दाम जुना केलेला बिल्ला याच्या उलट असतो : आम्लात बुडवल्याने तो पुढे-मागे, उंच-खोल सगळीकडे एकसारखा काळा असतो आणि मागच्या कड्यांचा जोड मात्र ताजा, चकचकीत दिसतो. भिंगातून आधी पाठ पाहावी आणि मगच पुढची बाजू. नक्कल करणारा सारी मेहनत पुढच्या बाजूवर घेतो.

तिसरा प्रकार याहून कठीण आहे. जुने मूळ ठसे कोणाच्या तरी हाती लागून त्यांवरून नंतर काढलेले बिल्ले पुढून निर्दोष असतात; धातूची छटा, पत्र्याची जाडी आणि स्लायडरची घडण एवढ्यावरूनच संशय येतो. अशा वेळी विक्रेत्यापाशी तोच बिल्ला एकाच अवस्थेत आठ-दहा नग आहेत का, हे पाहावे. लहान पलटणींचे चिन्ह दुर्मीळ असते आणि दुर्मीळ वस्तूचा भाव चढा असल्याने नक्कल करणाऱ्याची नजर तिकडेच वळते. म्हणून राजाराम रायफल्सच्या नावाने कोणी काही पुढे केले, तर आपल्या मातीचे प्रेम क्षणभर बाजूला ठेवून त्या वस्तूची दुप्पट कसून तपासणी करावी.

कापडी चिन्हांसाठी दुकानदाराकडील नोटा तपासण्याचा अतिनील दिवा पुरतो. कपडे उजळ दिसावेत म्हणून धाग्यात वापरली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. दिव्याखाली टाके निळसर-पांढरे चमकू लागले तर ते कापड किंवा तो धागा नंतरचा असण्याचा दाट संशय घ्यावा. नंतरच्या काळात डिटर्जंटने धुतलेले जुने कापडही चमकते, त्यामुळे न चमकणे हा जितका चांगला पुरावा आहे, तितका चमकणे हा वाईट पुरावा नाही.

आपल्या दोन बिल्ल्यांचे वजन आणि पाठीचे स्वच्छ छायाचित्र पाठवल्यास अधिक सांगता येईल. यापुढे मोठी रक्कम देण्याआधी “वस्तू नकली ठरल्यास पैसे परत” असे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे, तो लिहून देण्यास नकार देत नाही.

प्रश्न : सासऱ्यांची चार पदके आहेत, ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. पदके काळवंडली आहेत आणि रिबिनी विरल्या आहेत. दिवाळीच्या सफाईत घासून, नव्या रिबिनी लावून फ्रेम करावी म्हणते. एक ओळखीचे सराफ म्हणतात, दोन पदके चांदीची आहेत, तेवढी द्या. काय करावे?
— एक गृहिणी, कागल

उत्तर : ताई, कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो, काहीही नको. काळपट थर हा मळ नसून धातूचे संरक्षण आहे आणि तो एकदा गेला की त्याबरोबर राजाच्या चेहऱ्यावरील बारीक रेषा आणि कडेवरील नावही झिजत जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, हाताचा घाम लागू नये म्हणून पदक कडेला धरावे, एवढेच पुरे. कोठे हिरवी भुकटी सुटत असेल तर ते पदक इतरांपासून वेगळे ठेवून लाकडी दातकोरणीने ती अलगद काढावी. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा हाच खरा शत्रू आहे. प्रत्येक पदक आम्लमुक्त कागदात स्वतंत्र गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. वर्तमानपत्राचा कागद, रेक्झिन आणि मऊ प्लास्टिकची पाकिटे यांतून धातूला डाग पडतात. जुन्या रिबिनी विरल्या असल्या तरी फेकू नका. फ्रेमसाठी नव्या लावायच्या असतील, तर जुन्या त्याच डब्यात चिठ्ठी लावून ठेवाव्यात. फ्रेममध्ये पदके गोंदाने चिकटवू देऊ नका, टाक्याने बसवावीत.

सराफांच्या सांगण्याबद्दल. आपण केलेल्या वर्णनावरून दोन तारे, म्हणजे १९३९–४५ स्टार आणि बर्मा स्टार, हे तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. पांढरी दिसणारी वॉर मेडल आणि भारतीय स्वातंत्र्य पदक ही दोन्ही तांबे-निकेलची आहेत. त्यांत चांदी नाही. चांदीचे असते ते पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल, आणि चांदीचा भाव चढला की सर्वांत आधी मोडीत जाते तेही तेच.

त्या चौथ्या पदकाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या रिबिनीचे हे पदक १५ ऑगस्ट १९४७ रोजी सेवेत असलेल्यांना मिळाले. त्याच्या एका बाजूला अशोकचक्र आहे आणि त्या चक्रावर ब्रिटिश मुकुट; दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दोन राजवटी एकाच नाण्याएवढ्या धातूवर शेजारी आल्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. हे पदक बाजारात दुर्मीळ नाही. आपल्या घरातले मात्र एकमेव आहे, कारण भारतीय सैनिकांच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. ताऱ्यांच्या पाठीवर आणि गोल पदकांच्या कडेवर ते आपल्याला सापडेल. एकाच माणसाची चार पदके एकत्र असताना जी कथा सांगतात, ती त्यांतले एक निघून गेल्यावर पुन्हा जुळवता येत नाही. तेव्हा विकायची वेळ आलीच तर चारही एकत्र विकावीत, आणि माझे ऐकाल तर विकू नयेत.

प्रश्न : जुने बिल्ले बाळगणे कायद्याने चालते का? परदेशातील संग्राहकाला विकता येतील का? ट्रंकेत एक संगीनही आहे.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : वापरातून गेलेले जुने बिल्ले संग्रहात ठेवण्यास हरकत नाही, सैनिक असल्याचा आभास निर्माण करण्यासाठी सैनिकी गणवेश किंवा चिन्ह वापरणे मात्र गुन्हा आहे. म्हणूनच सध्या चालू असलेली हुद्द्याची चिन्हे, ओळखपत्रे आणि गणवेशाचे भाग संग्राहकाने घेऊच नयेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावशेषांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या वस्तू या मर्यादेत येऊन पोहोचल्या असल्याने परदेशी गिऱ्हाइकाचा नाद सोडावा. संगीन हा शस्त्र कायद्याचा विषय आहे, बिल्ल्यांचा नव्हे. ती बाळगण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. जिवंत काडतूस सापडल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.

प्रश्न : भंगाराच्या दुकानात एक चांदीचे पदक वजनाच्या भावाने मिळाले. एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही वर्षे. कडेवर इंग्रजीत क्रमांक, हुद्दा, नाव आणि ‘११७ मराठा’ असे वाचता येते. हे ज्यांचे होते त्यांचे घर शोधता येईल का? शोधावे का?
— एक तरुण शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : शोधावे, आणि आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. हे ब्रिटिश वॉर मेडल आहे. प्रथम कड नीट पाहा. अक्षरे धातूत एकसारखी खोल ठोकलेली असावीत. कड कोठे घासून सपाट झालेली, पदक तेथे पातळ झालेले आणि नाव वेगळ्या वळणाचे असेल, तर मूळ नाव पुसून दुसरे घातल्याची शंका येते. कड निर्दोष असल्यास क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही चारही एकत्र उतरवून घ्या, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीची क्रमांकमाला वेगळी होती आणि एकच क्रमांक अनेक पलटणींत सापडतो. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर फार विसंबू नका. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे. बापू, बाबू आणि बाळू यांची एकमेकांत सरमिसळ झालेली असते आणि आडनाव पुष्कळदा नसतेच.

तो सैनिक युद्धात मरण पावला असेल तर काम तुलनेने सोपे आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव किंवा पलटण टाकून शोध घेता येतो. ११७ वी पलटण मेसोपोटेमियात होती, त्यामुळे बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीपासून सुरुवात करावी. भारतीय सैनिकांच्या नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि तालुका पुष्कळदा दिलेला असतो, आणि एकदा गाव मिळाले की पुढचे काम आपल्यासारख्या माणसाला अवघड नाही. तो जिवंत परतला असेल तर वाट लांबची आहे. महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत “या गावातून इतके जण युद्धावर गेले” अशा आशयाच्या संगमरवरी पाट्या बसवल्या. चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत अशी पाटी आहे का, ते पाहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि गावच्या माजी सैनिक संघटनेत विचारावे. सैनिक संस्थानच्या फौजेतील असता तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील कागद उपयोगी पडले असते. ११७ वी ही ब्रिटिश हिंदी सैन्याची पलटण असल्याने तेथे थेट नोंद मिळण्याची शक्यता कमी आहे, तरी संस्थानातील भरतीचा पत्रव्यवहार पाहायचा झाल्यास मोडी वाचणारा सोबत न्यावा.

घर सापडले तर पदक खिशात घालून थेट दारात जाऊ नका. आधी गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकरवी निरोप पाठवा आणि पहिल्या भेटीत फक्त छायाचित्र दाखवा. पदक त्या घरातून कसे गेले असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. दुष्काळात, आजारपणात किंवा लग्नाच्या खर्चासाठी विकले गेले असेल, तर त्याचा उल्लेख घरच्यांना चारचौघांत नको असतो. त्यांना ते परत हवे असेल तर आपण दिले तेवढेच पैसे घ्यावेत, त्याहून एक रुपयाही नाही, आणि शक्य असल्यास तेही घेऊ नयेत. छायाचित्र आणि माहिती वहीत ठेवण्याची परवानगी मात्र जरूर मागावी. संग्राहकाचे त्यात काहीच जात नाही. त्यांनी “तुमच्याकडेच राहू द्या” म्हटले, तर त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत लिहून घेऊन तिची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.

घर सापडलेच नाही तर कोठे कोठे विचारले आणि काय उत्तर मिळाले, ते तारखेसह लिहून तो कागद पदकासोबतच ठेवावा, म्हणजे पुढे शोध घेणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. कडेवरील अक्षरे आडव्या प्रकाशात टिपून चार बाजूंची चार छायाचित्रे संपादकांच्या पत्त्यावर पाठवावीत; क्रमांक आणि नाव वाचून पुढच्या अंकापूर्वी आपल्याला कळवीन.